पैशापाण्याचे प्रश्न : चटणी कोल्हापूरला, पीएफ उद्यमबागेत

या खेपेला आलेल्या पत्रांत विचारणं बहुतेकांचं एकच आहे. पगार पुरत नाही, तर जोडीला काय करू, आणि साठवलेलं कुठं ठेवू? बेळगावच्या सीमाभागात या प्रश्नाला एक जादा पदर आहे. घर कर्नाटकात, नोकरी किंवा गिऱ्हाईक महाराष्ट्रात, आणि कागद बहुधा कन्नडमध्ये. म्हणून उत्तरं इथल्या परिस्थितीला धरून दिली आहेत. कर आणि फी यांचे आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे आहेत. पोस्टातल्या योजनांचे दर सरकार दर तिमाहीला जाहीर करतं, तेव्हा पैसे भरायच्या दिवशी ते पुन्हा बघून घ्या.

प्रश्न : घरी शेंगदाण्याची चटणी, कांदा-लसूण मसाला आणि पापड करते. दोन दुकानं आणि ओळखीची घरं मिळून महिन्याला शंभरेक पाकिटं जातात. आता कोल्हापूर-पुण्याहून मागणी येते आहे. पाठवू का? लायसन, जीएसटी काय लागतं? आणि एवढं राबून हातात काही उरत का नाही?
— एक गृहिणी, शहापूर

उत्तर : शेवटचा प्रश्न आधी घेऊ, कारण हातात उरत नसेल तर कोल्हापूरला पाठवून तोटाच वाढेल.

दहा किलोचा एक घाणा धरा. भाव उदाहरणापुरते आहेत, तुमचे तुम्ही घाला. शेंगदाणे साडेआठ किलो, १४० रुपयांनी १,१९० रुपये. लसूण ६०० ग्रॅम १२० रुपये, तिखट ६०० ग्रॅम २४० रुपये, मीठ-जिरं ५० रुपये. झाले १,६०० रुपये. गॅस आणि दळप १५० रुपये. भाजताना ओलावा जातो, साल पाखडली जाते, म्हणून दहा किलोचे भरतात साधारण ९ किलो २०० ग्रॅम, म्हणजे २०० ग्रॅमची ४६ पाकिटं. पाकीट आणि लेबल सहा रुपयांप्रमाणे २७६ रुपये. तुमचे सहा तास, ताशी ७० रुपयांनी ४२० रुपये. एकूण २,४४६ रुपये, पाकिटाला ५३ रुपये. फुटलेलं, परत आलेलं, चवीला दिलेलं यासाठी पाच टक्के धरले की ५६ रुपये.

आता पाकिटावर ७० रुपये छापले आणि दुकानदाराने २० टक्के घेतले, तर तुमच्या हातात ५६ येतात. नफा शून्य. पाकिटामागे नऊ रुपये सुटतात असं जे वाटतं, ती तुमचीच मजुरी आहे. बहुतेक घरगुती धंदे इथंच फसतात. घरच्या बाईच्या वेळेला कुणी भाव लावत नाही, आणि मग मागणी वाढून मदतीला बाई ठेवायची वेळ आली की तिचा पगार कुठून द्यायचा हे कळत नाही. छापील किंमत ९० केली तर दुकानदार १८ ठेवून ७२ देतो, आणि मजुरी धरूनही पाकिटामागे १६ रुपये उरतात. किंमत वाढवायला मन धजत नसेल तर आधी ओळखीच्या घरांत नव्या भावाने विकून बघा. चवीचं गिऱ्हाईक वीस रुपयांसाठी सहसा तुटत नाही.

परवान्याचं. खाद्यपदार्थ विकणाऱ्या प्रत्येकाला अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, म्हणजे एफएसएसएआयची, नोंदणी लागते, अगदी घरातून विकलं तरी. छोट्या व्यवसायाची प्राथमिक नोंदणी त्यांच्या फॉस्कॉस पोर्टलवर होते. आधार, फोटो, पत्ता आणि वर्षाला १०० रुपये फी एवढंच पुरतं. मिळणारा १४ आकडी नंबर पाकिटावर छापायचा. सोबत घटक, निव्वळ वजन, पॅक केल्याची तारीख, किती दिवस टिकेल, हिरवा ठिपका, किंमत, तुमचा पत्ता आणि तक्रारीसाठी फोन नंबर. बंद पाकिटातून विकणाऱ्याने वजनमाप खात्याकडे पॅकर म्हणूनही नोंद करायची असते. हे बरेच जण विसरतात आणि तपासणी आली की दंड भरतात.

जीएसटी हा सीमाभागातला खरा खाचखळगा आहे. मालाची वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नंबर लागत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण ही सूट आपल्या राज्यात विकण्यापुरती आहे. करपात्र माल दुसऱ्या राज्यात पाठवला की पहिल्या पाकिटापासून नोंदणी लागते, उलाढाल कितीही छोटी असो. बेळगावहून विजापूरला किंवा बेंगळुरूला पार्सल पाठवा, नंबर नको. इथून हाकेच्या अंतरावरच्या, पण महाराष्ट्रातल्या चंदगडला पाठवलं, तर हवा. मसाला, चटणी, लोणचं यांवर पाच टक्के कर आहे. पापडावर मात्र कर शून्य आहे, आणि फक्त करमुक्त मालच विकणाऱ्याला नोंदणीची सक्ती नाही. म्हणजे नुसते पापड तुम्ही आजही पुण्याला पाठवू शकता. त्याच खोक्यात चटणीची दोन पाकिटं गेली की नियम बदलला.

नोंदणीला फी नाही, पण पुढचं काम आहे. तिमाही रिटर्न निवडलं तरी ते वेळेवर भरावं लागतं. विक्री शून्य असली तरी भरावं लागतं, आणि उशीर झाला तर शून्य रिटर्नलाही दिवसाला २० रुपये चढतात. करसल्लागाराची फी वेगळी. छोट्या व्यापाऱ्यांसाठीच्या कंपोझिशन योजनेत एक टक्का भरून सुटता येतं असं कुणी सांगेल, पण त्या योजनेत परराज्यात माल विकताच येत नाही. वर धरलेल्या ७२ रुपयांतूनच पाच टक्के भरायचे झाले तर साडेतीन रुपये जातील आणि पाकिटामागे १६ ऐवजी साडेबारा उरतील. आमचं मत असं : परगावची मागणी महिन्याला दीडदोनशे पाकिटांच्या पुढं आणि सलग तीन-चार महिने टिकली, तरच नंबर काढा. तोवर पापड बाहेर पाठवा आणि चटणी बेळगाव, खानापूर, हुबळी, धारवाडकडे वाढवा.

धंद्याचं खातं घरखर्चापासून आजच वेगळं करा. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकच्या व्यापारी कर खात्याने यूपीआयवर जमा झालेल्या रकमा बघून अनेक छोट्या दुकानदारांना नोटिसा काढल्या. ज्यांच्या एकाच खात्यात विक्री, भावाने पाठवलेले पैसे आणि भिशीचा हप्ता सगळं मिसळलेलं असतं, त्यांना खरी विक्री किती हे दाखवणंच जड जातं.

शेवटी मालाबद्दल. शेंगदाण्याची चटणी परत येते ती कुबट वास मारतो म्हणून, आणि त्याची कारणं बहुधा दोन असतात. गरम असतानाच पाकीट बंद केलं की आत वाफ धरते. आणि लसूण ओला राहिला की तो ओलावा चटणीत उतरतो. लसूण पाकळ्या कोरड्या भाजून, पूर्ण गार करून मगच वाटा. चटणी परातीत पसरून हाताला गार लागेपर्यंत थांबा, मग भरा. जून ते सप्टेंबरच्या बेळगावी पावसात साधी प्लास्टिक पिशवी पुरत नाही, आतून चंदेरी थर असलेलं पाकीट घ्या. प्रत्येक घाण्यातलं एक पाकीट तारीख घालून घरी ठेवा आणि दर पंधरा दिवसांनी थोडं चाखा. ते जितके दिवस चांगलं राहतं त्याच्या दोन-तृतीयांश दिवस पाकिटावर छापा.

प्रश्न : बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत सहा वर्षं सीएनसी मशीनचा ऑपरेटर होतो, पगार २४ हजार. आता महाराष्ट्रात कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत २६ हजारांवर लागलोय, घर निपाणीतच आहे. जुना पीएफ ८० हजारांच्या आसपास आहे, काढून घेऊ का? आणि इथं २०० रुपये प्रोफेशनल टॅक्स कापतात, तिकडं कापत नव्हते. हे बरोबर आहे का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : कपात बरोबर आहे. प्रोफेशनल टॅक्स, म्हणजे व्यवसाय कर, घर कुठं आहे यावर लागत नाही, कामाची जागा ज्या राज्यात त्या राज्याच्या नियमाने लागतो. कर्नाटकात २५ हजारांच्या आतल्या पगाराला तो नाही. महाराष्ट्रात पुरुषांना १० हजारांच्या वर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये आहे. महाराष्ट्रात महिलांना मात्र २५ हजारांपर्यंत माफ आहे.

पीएफ काढू नका, नव्या खात्यात वळवा. ८० हजार रुपये आजच्या ८.२५ टक्के दराने वीस वर्षं राहिले तर ३ लाख ९० हजारांच्या घरात जातात. दर बदलत राहील, पण रक्कम हातात आली की ती दुचाकीत किंवा लग्नकार्यात जाते आणि पुन्हा तेवढी साठत नाही.

दुसरं कारण पेन्शनचं. मालक तुमच्यासाठी जे १२ टक्के भरतो, ते सगळे पीएफमध्ये जात नाहीत. १५ हजारांच्या मूळ वेतनावर १,८०० रुपये होतात. त्यातले १,२५० पेन्शन योजनेत जातात आणि ५५० पीएफमध्ये. पेन्शन मिळायला दहा वर्षांची सेवा लागते. तुमची सहा झाली आहेत. आता सगळं काढलंत तर मोजणी पुन्हा एकपासून.

वळवण्यासाठी पीएफ कार्यालयाच्या (ईपीएफओ) मेंबर पोर्टलवर, यूएएन म्हणजे तुमचा पीएफचा कायमचा नंबर टाकून आत गेल्यावर, ‘वन मेंबर वन ईपीएफ अकाउंट’ हा पर्याय आहे. अडकतं ते ठरावीक ठिकाणी. जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरलेली नसते. शेवटची वर्गणी जमा होऊन दोन महिने झाले की ती तुम्ही स्वतः भरू शकता. आधारवरचं नाव आणि पीएफमधलं नाव जुळत नाही, हे आपल्याकडे फार होतं. कन्नडवरून इंग्रजीत आलेलं एक स्पेलिंग, मराठी शाळेच्या दाखल्यावर दुसरं, आणि वडिलांचं नाव एका ठिकाणी गाळलेलं. त्यासाठी जॉइंट डिक्लरेशन हा दुरुस्तीचा अर्ज भरून आधी नाव दुरुस्त करा, मग बदलीचा अर्ज टाका. उलट केलं तर अर्ज फेटाळला जातो. बदली झाल्यावर नव्या पासबुकात पेन्शनच्या रकान्यात शून्य दिसलं तर घाबरू नका. तिथं पैसे वळत नाहीत, सेवेची वर्षं वळतात.

पोर्टलवर आहातच तर ई-नॉमिनेशनही भरा. नोकरीत असताना माणूस गेला तर पीएफसोबतच्या विम्याचे घरच्यांना जास्तीत जास्त ७ लाख मिळू शकतात. वारस नोंदलेला नसेल तर त्यासाठी कोर्टकचेरी करावी लागू शकते.

प्रश्न : वडील ६१ वर्षांचे, नुकतेच निवृत्त झाले. १२ लाख हातात आहेत. गावातली सौहार्द सोसायटी साडेदहा टक्के देते, चेअरमन ओळखीचे आहेत. ठेवावेत का?
— एक वाचक, चिकोडी

उत्तर : सगळे ठेवू नका. नाव कितीही मोठं असो, सौहार्द सहकारी, मल्टिस्टेट सोसायटी किंवा पतसंस्था यांच्या ठेवींना ठेव विमा महामंडळाचं संरक्षण नाही. ते फक्त बँकांना आहे, सहकारी बँकासुद्धा त्यात आल्या. दर माणशी, दर बँकेत ५ लाखांपर्यंत, मुद्दल आणि व्याज मिळून. एकाच बँकेच्या सगळ्या शाखांतल्या ठेवी एकत्र मोजतात, म्हणून बेळगावात टिळकवाडीच्या शाखेत तीन आणि कॅम्पातल्या शाखेत तीन लाख ठेवले तरी हिशेबाला सहाच. आणि ५ लाख पूर्ण ठेवण्यापेक्षा साडेचार ठेवा, म्हणजे व्याजही विम्यात बसतं.

आता फरक मोजू. साडेदहा टक्क्यांनी १२ लाखांचे वर्षाला १,२६,००० रुपये होतात. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ८.२ टक्क्यांनी ९८,४००. फरक महिन्याला २,३०० रुपयांचा. एवढ्यासाठी वडिलांची सगळी पुंजी एका इमारतीत ठेवावी का, हे त्यांना आकडा दाखवून विचारा. ज्येष्ठ नागरिक योजना पोस्टात किंवा राष्ट्रीयीकृत बँकेत उघडता येते. मुदत पाच वर्षं, मर्यादा ३० लाख, व्याज दर तीन महिन्यांनी. उघडताना असलेला दर पूर्ण मुदतीला टिकतो. वर्षाच्या आत मोडली तर व्याज मिळत नाही, दिलेलं असेल तर कापून घेतात. दोन वर्षांच्या आत मोडली तर मुद्दलातून दीड टक्का जातो, पुढं एक टक्का.

आमचा सल्ला : ९ लाख त्या योजनेत, म्हणजे दर तिमाहीला १८,४५० रुपये खात्यावर येतील. अडीच लाख एखाद्या बँकेत मुदत ठेवीत, पण पन्नास-पन्नास हजारांच्या पाच पावत्या करून. दवाखान्याला पैसे लागले तर एकच पावती मोडते. उरलेले ५० हजार गावातल्या संबंधांसाठी सोसायटीत ठेवायचे असतील तर ठेवा, पण आधी तिचा वार्षिक अहवाल मागा. त्यात तीन गोष्टी बघा : ऑडिट वर्ग अ आहे का, थकबाकी कर्जाच्या किती टक्के आहे, आणि ती मागच्या वर्षापेक्षा वाढली का. थकबाकी दहा टक्क्यांच्या पुढं असेल किंवा अहवालच दाखवायला कां-कूं करत असतील, तर चेअरमन कितीही ओळखीचे असोत, नमस्कार करून परत या.

व्याजावर बँकेने कर कापू नये म्हणून वडिलांनी दर एप्रिलमध्ये १५एच अर्ज द्यावा. त्यांचं एकूण उत्पन्न करपात्र होत नसेल तर तो चालतो. पोस्टात वेगळा, बँकेत वेगळा द्यावा लागतो.

प्रश्न : एका फाउंड्रीत अकाउंटंट आहे, वर्षाला ४ लाख २० हजार मिळतात. संध्याकाळी आठवी ते दहावीच्या मुलांना गणित शिकवून महिन्याला २० हजार येतात. टॅक्स भरावा लागेल का? आणि हे पैसे कुठं गुंतवू?
— एक वाचक, अनगोळ

उत्तर : कर लागणार नाही, रिटर्न मात्र भरावं लागेल. नव्या पद्धतीत पगारातून ७५ हजारांची सरसकट वजावट जाऊन ३ लाख ४५ हजार उरतात. शिकवणीचे २ लाख ४० हजार खर्च वजा न करता धरले तरी एकूण ५ लाख ८५ हजार. १२ लाखांपर्यंत रिबेट, म्हणजे करात पूर्ण सूट, असल्याने कर शून्य. पण उत्पन्न ४ लाखांच्या वर गेलं की रिटर्नची सक्ती आहे, आणि शिकवणीचं उत्पन्न असल्याने नोकरदारांचा सोपा आयटीआर-१ तुम्हाला चालणार नाही. आयटीआर-४ भरा. त्यात छोट्या व्यवसायासाठी अंदाजित नफ्याची सोय आहे, रोख जमेवर किमान ८ टक्के आणि बँक-यूपीआयवर ६ टक्के. पण तुमचा खरा नफा त्याहून बराच जास्त आहे, म्हणून खरा दाखवा. कर तर पडतच नाही. उलट पुढं घराचं कर्ज काढताना बँक दोन-तीन वर्षांची रिटर्न मागते, तेव्हा पगाराबरोबर हे वीस हजारही धरले जातात.

हेच उत्पन्न शाळेतल्या शिक्षकाचं असतं तर आम्ही नको म्हटलं असतं. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २८ ने शिक्षकाला खासगी शिकवणी घ्यायला बंदी आहे.

वाढवायचंच असेल तर गणितापेक्षा वेगळी गरज आसपास आहे. मराठी माध्यमातल्या मुलांना दहावीत कन्नड जड जातं आणि नीट शिकवणारे थोडे. तुम्हाला दोन्ही भाषा लिहिता येत असतील तर उतारे, खरेदीपत्रं, सरकारी नोटिसा यांचं मराठी करून देण्याचं कामही मिळतं. पानागणिक दर ठरवा, घेताना निम्मे आगाऊ घ्या, आणि हे समजण्यासाठीचं भाषांतर आहे असं खाली लिहा, म्हणजे कोर्टातल्या प्रमाणित प्रतीची अपेक्षा कुणी करणार नाही.

गुंतवणूक : आधी सहा महिन्यांचा घरखर्च मुदत ठेवीत. मग निफ्टी ५० च्या इंडेक्स फंडात, म्हणजे पन्नास मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकामागे चालणाऱ्या म्युच्युअल फंडात, महिन्याला पाच हजारांची एसआयपी (ठरलेला हप्ता), एजंटाशिवायच्या डायरेक्ट प्लॅनमध्ये. एजंटामार्फत घेतलेल्या रेग्युलर प्लॅनचा वार्षिक खर्च जास्त असतो. फरक एका टक्क्याचा धरला आणि परतावा एकीकडे १२, दुसरीकडे ११ टक्के मानला, तर वीस वर्षांनी एकीकडे सुमारे ५० लाख होतात, दुसरीकडे सुमारे ४३ लाख ७० हजार. हा परतावा मिळेलच अशी हमी नाही. कमिशन मात्र बाजार पडला तरी कापलं जातं.

प्रश्न : टेलिग्रामवर एक ग्रुप रोज ऑप्शनच्या टिप्स देतो. ५० हजार लावून महिन्याला दहा-पंधरा हजार काढता येतील का?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : नाही. ऑप्शन आणि फ्यूचर्स म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावर लावलेले सौदे. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्यूचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या वैयक्तिक लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात होते आणि सरासरी तोटा खर्चासकट सुमारे २ लाख रुपये होता. टिप्स देणाऱ्याची सेबीकडे नोंदणी आहे का ते सेबीच्या संकेतस्थळावर नाव टाकून बघता येतं. हॉटेलांना रेटिंग द्या आणि पैसे कमवा, असं म्हणणारे ग्रुपही याच जातीचे. सुरुवातीला दोनचारशे रुपये खरोखर खात्यावर पाठवतात आणि मग मोठी रक्कम भरायला लावतात. पैसे गेलेच असतील तर त्याच तासात १९३० वर फोन करा. लवकर कळवलं तर पुढच्या खात्यात ती रक्कम थांबवता येण्याची शक्यता असते.

प्रश्न : गल्लीत वीस जणांची भिशी आहे, महिन्याला पाच हजार, बोली लावून उचलतात. शिवाय दुकानात येणाऱ्या एजंटाकडे रोज शंभर रुपयांची पिग्मी (रोजची ठेव) भरतो. दोन्ही चालू ठेवू का?
— एक किराणा दुकानदार, वडगाव

उत्तर : भिशी उचलायची कधी, यावर ती बचत आहे की कर्ज हे ठरतं. भिशी एक लाखाची. तिसऱ्या महिन्यात गरज आहे म्हणून २५ हजार सोडून ७५ हजार उचललेत, तर ते २५ हजार विसांत वाटले जातात आणि त्यातले १,२५० तुमच्याकडे परत येतात. उरलेलं तुम्ही दिलेलं व्याज. उलट शेवटी उचलणाऱ्याला, सरासरी सूट १२ टक्के धरली तर, महिन्याला ४,४०० प्रमाणे ८८ हजार भरून लाख मिळतात. वर्षाला सतरा टक्क्यांच्या आसपास पडलं. हा जादा परतावा आधी उचलणाऱ्याच्या नडीतून येतो, आणि उचलून झाल्यावर तोच हप्ते थकवण्याची शक्यता जास्त असते. खासगी भिशीत तेव्हा दाद मागायला कागद नसतो. म्हणून भिशीत तेवढेच पैसे घाला जे बुडाले तर दुकानाचा माल भरायला अडणार नाही, आणि उचलणाऱ्याकडून उरलेल्या हप्त्यांचे सही केलेले चेक घेण्याची पद्धत पाडा.

पिग्मीचं व्याज थोडं असतं, आणि मुदतीआधी बंद केली तर बऱ्याच ठिकाणी तेही जातं. पण रोजच्या गल्ल्यातून शंभर रुपये बाजूला पडतात, ही तिची किंमत आहे. वर्ष पूर्ण झालं की रक्कम लगेच विमा असलेल्या बँकेत ठेवीत घाला, पुन्हा पिग्मीतच फिरवू नका. एजंटाच्या वहीवर विसंबू नका, महिन्यातून एकदा स्वतः कार्यालयात जाऊन शिल्लक जुळवा.

प्रश्न : ब्लाउज शिवते. मोठं मशीन घ्यायला एक लाखाचं कर्ज हवंय. ‘बारा टक्के, महिन्याला ५,१६७, दोन वर्षं’ असं सांगतात. कागद कन्नडमध्ये आहेत, वाचता येत नाहीत. सही करू का?
— एक वाचक, येळ्ळूर

उत्तर : थांबा. हे बारा टक्के फ्लॅट आहेत. दर महिन्याला मुद्दल फिटत जातं, तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण लाखावर लावलेलं आहे. चोवीस हप्त्यांचे १,२४,००० होतात. उरलेल्या मुद्दलावर मोजलं तर दर साडेएकवीस टक्क्यांच्या थोडा वरच पडतो. त्यातून २ टक्के प्रोसेसिंग फी आधीच कापून ९८ हजारच हातात दिले, तर जवळपास चोवीस टक्के.

कर्ज बँकेचं किंवा रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीतल्या वित्तसंस्थेचं असेल, तर १ ऑक्टोबर २०२४ पासून त्यांना ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ नावाचा कागद द्यावाच लागतो, आणि तो कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत. तुम्हाला मराठी समजतं, तर मराठीत मागा. तोंडी टाळलं तर शाखा व्यवस्थापकाला दोन ओळींचा अर्ज द्या आणि पोच घ्या. त्या कागदात वार्षिक टक्केवारी दर म्हणून एकच आकडा असतो, त्यात व्याज आणि फी दोन्ही धरलेलं असतं. दोन ठिकाणचे कागद शेजारी ठेवून फक्त तोच आकडा बघा. कागदावरच्या अटी किमान तीन कामाचे दिवस बदलता येत नाहीत, म्हणून ‘आजच सही करा’ या घाईला बळी पडू नका. सोसायटीला हा नियम नाही. तिथं हप्त्यांचा पूर्ण तक्ता, मुद्दल आणि व्याज वेगळे दाखवलेला, शिक्क्यानिशी मागा.

आणि हप्ता झेपतो का ते मशीनच्या कामावर मोजा. एका ब्लाउजला अस्तर, दोरा, वीज जाऊन दीडशे रुपये उरत असतील, तर ५,१६७ रुपयांसाठी महिन्याला पस्तीस ब्लाउज हप्त्यातच जातात. सणासुदीला आणि लग्नसराईत ते सहज होतील. आषाढात कामं निम्म्यावर येतात. म्हणून मशीन घेण्याआधी तीन हप्त्यांचे पैसे, साडेपंधरा हजार, वेगळ्या खात्यात ठेवून मगच कर्ज उचला.